हिंगाची डबी

रविवार, २८ फेब्रुवारी २०२१

कंपनीत असताना शिफ्टची नोंद लिहायचो, निवृत्तीनंतर ही वही. शालू म्हणते, "अहो, एवढं लिहिता काय? घरात काय स्फोट होणारेत?" होऊ नयेत म्हणूनच लिहितात, हे तिला इतक्या वर्षांच्या संसारात कळलं नाही.

पेशंट पुन्हा वाढायला लागलेत. सोसायटीतले लोक ढिले पडलेत, वॉचमनचा मास्क तर हनुवटीलाच असतो. पण डोंबिवलीच्या केमिकल कंपनीत सेफ्टी ऑफिसर म्हणून जन्म काढलेला माणूस ढिला पडत नाही. आज घरात नवी व्यवस्था लावली. आमच्या नातीला, कादंबरीला, घराची सेफ्टी ऑफिसर नेमलं. पोरगी सहा वर्षांची, पहिलीत आहे, आणि शाळा अजून फक्त मोबाइलवर बघितलीय. गळ्यात माझी कंपनीतली शिट्टी. कुणी बाहेरून येऊन हात न धुता सोफ्यावर टेकलं की शिट्टी. मास्क नाकाखाली आला की शिट्टी. आणि सकाळी चहाआधी हिंगाची डबी घेऊन प्रत्येकाच्या नाकाशी धरायची आणि विचारायचं, "वास येतोय?" या आजारात वास जातो. प्लांटमध्येसुद्धा गळती आधी नाकाला कळायची, मीटर नंतर बोलायचा.

पोरगी जाम खूश. सुदेश, आमचा मुलगा, वीज कंपनीत आहे, त्याला रोज फिरावंच लागतं. त्याला दारातच अडवलं. "पप्पा, बूट बाहेर! हात! कोपर पण!" सूनबाई संचिता बेडरूममध्ये लॅपटॉपवर ऑफिस करते. तिची मीटिंग चालू असताना ही आत घुसली आणि डबी नाकाला लावली. पलीकडचे सगळे हसले म्हणे. शालूच्या नावाने तर दिवसभर शिट्टीच चालू होती. कादू मुळातच बडबडी, त्यात अधिकार मिळाला, मग काय बघायचं!

माझ्या नाकाशी डबी आणली तेव्हा मी म्हटलं, "साहेबाला कुणी तपासत नसतं, बाळा. मी तुझा साहेब." तिला ते पटलं. सॅल्यूट ठोकून गेली.

दुपारी शालूने येसर आमटी केली होती. वास पार जिन्यापर्यंत. नुसत्या वासानेच भूक खवळली. दोनदा वाढून घेतली.

गुरुवार, ४ मार्च

आज सुरक्षा दिन. कंपनीने मला प्रमुख पाहुणा म्हणून बोलावलं. निवृत्त माणसाला कोण विचारतं? पण मला विचारलं. संचिता म्हणाली, "अण्णा, आत्ता गर्दीत कशाला जाताय?" मी म्हटलं, "सुरक्षेच्या कार्यक्रमात सुरक्षा नसेल तर कुठे असेल गं?" तिला बोलायला जागाच ठेवली नाही.

हॉल एसी, भरगच्च. सगळे मास्कमध्ये. बॉयलरवरचा काळुराम आधी बोलला. त्याचा घसा बसलेला, माईकवर फू-फू करून त्याने माईक माझ्या हातात दिला. मास्कमुळे माझ्या चष्म्यावर वाफ येत होती, आवाजही दबत होता. मास्कमधून दम कसा भरणार? बोलण्यापुरता काढला. सांगितलं, माझ्या काळात 'आपोआप' या शब्दाला बंदी होती. व्हॉल्व्ह आपोआप उघडत नाही, माणूस आपोआप भाजत नाही. प्रत्येक अपघाताला कुणाचं तरी नाव असतं आणि ते निघेपर्यंत मी चौकशी बंद करत नसे. टाळ्या पडल्या. मग शाल, श्रीफळ, ग्रुप फोटो. फोटोवाला म्हणाला, "साहेब, जरा चेहरे दिसू द्या." दाखवले.

घरी येऊन सरळ आंघोळीला गेलो. कादू मागे मागे, "आजोबा, कोपर पण!" म्हटलं, "साहेबाला शिकवतेस?" शालूने शाल अंगावर घेऊन आरशात बघितलं. कादूने शिट्टी फुंकली, "शाल धुतली नाही!" मी म्हटलं, "अगं, ती सन्मानाची शाल आहे, ती काय धुतात?" शालू लाजली बिचारी. या वयातही लाजते.

मंगळवार, ९ मार्च

घसा धरलाय, अंगही जरा मोडून आलंय. कंपनीची हवा. पूर्वीही प्लांटमध्ये जाऊन आलो की दोन दिवस घसा धरायचाच. शालूने हळद-दूध दिलं.

संध्याकाळी शालू नाकाला पदर लावून बसली होती. "काय मेला वास सोडलाय आज कंपन्यांनी! खिडकी लावा की." मला काहीच येईना. म्हटलं, तुमची नाकं नाजूक. आम्ही त्याच वासात डबे खाल्ले, पगार घेतले, पोरं वाढवली. माझं नाक माझ्याबरोबरच रिटायर झालंय. शालू हसली. कादू हसली नाही, माझ्याकडे बघत बसली होती. आताशा मोठ्या माणसासारखं बघते.

गुरुवार, ११ मार्च

महाशिवरात्र. शालूचा उपास. दूध गॅसवर ठेवून ती पूजेला बसली, "लक्ष ठेवा हो" म्हणाली. मी स्वयंपाकघराच्या दारातच पेपर वाचत होतो. आतल्या खोलीतून कादू नाक दाबून पळत आली तेव्हा बघतो तर दूध आटून भांडं काळं ठिक्कर, धूर निघतोय. धडपडत गॅस बंद केला.

"आजोबा, तुम्हाला वास नाही आला?"

"पेपरात डुलकी लागली गं." खरं तर डुलकी नव्हती लागली, पण सेफ्टी ऑफिसरने गॅसशेजारी बसून दूध जाळलं म्हणजे हसंच. तिने शिट्टी तोंडात धरलेली. वाजवायची वाट बघत होतो, पण वाजवेना. नुसती माझ्याकडे टकामका बघत राहिली. मी तिच्या हातावर खडीसाखर ठेवली. म्हटलं, "साहेबाचं गुपित कुणाला सांगायचं नसतं. आजीला नाही, पप्पांना नाही, कुणालाच नाही. काय?" तिने मान हलवली आणि शिट्टी फ्रॉकच्या आत टाकली.

शालूने भांड्यावरून मला खूप झापलं, पण कादू फुटली नाही. पोरगी आपल्या बाजूची आहे.

बुधवार, १७ मार्च

शालूला ताप. सुदेशलाही कणकण. महापालिकेच्या केंद्रावर अँटिजेन करून आलो. शालू पॉझिटिव्ह, सुदेश पॉझिटिव्ह. मी, संचिता, कादू निगेटिव्ह. म्हणजे सरळ आहे. बाहेर कोण फिरतं? डोक्यात अशी तिडीक गेली, पण आत्ता बोलायची वेळ नाही.

शालूला आतल्या खोलीत ठेवलंय. कादू दाराशी उकिडवी बसून असते. उठवलं तरी उठत नाही.

रविवार, २१ मार्च

शालूचा ऑक्सिजन घसरला. सकाळपासून फोन, फोन आणि फोन. डोंबिवलीत बेड नाही, कळव्याला नाही. सुदेश तापाने फणफणलेला, तरी पलंगावर पडून ओळखीच्या प्रत्येकाला विनवण्या करत होता. शेवटी कल्याणला मिळाला.

पांढऱ्या पोशाखातली दोन माणसं आली. त्यांचे डोळेसुद्धा दिसत नव्हते. शालूला चाकाच्या खुर्चीत बसवलं. लिफ्टपाशी तिने मास्क जरा खाली केला, "कादू, मी येईपर्यंत आजोबांवर लक्ष ठेव हं." कादूने गॅलरीतून गाडी बघितली. गाडी वळेपर्यंत गजाला धरून उभी होती. आजीला हात कर म्हटलं, तर केला नाही.

शनिवार, २७ मार्च

शालू गेली. दाखवलीसुद्धा नाही.

गुरुवार, ८ एप्रिल

आज तेरावा. गुरुजी मोबाइलवर, आम्ही पाटावर. अस्थी अजून एका मडक्यात गच्चीवरच्या टाकीशेजारी आहेत. गावाकडे कृष्णेत सोडायच्या होत्या, पण जाणार कसे? गावात घेतील की नाही तेही माहीत नाही.

विधी झाल्यावर मी सगळ्यांना जेवणाच्या टेबलाशी बसवलं. संचिता म्हणाली, "अण्णा, आज नको." मी म्हटलं, आजच. माझ्या आयुष्यात एकही मृत्यू चौकशीशिवाय गेला नाही, माझ्या बायकोचा जाणार? एकेकाला विचारलं. कधी बाहेर गेलात, कुठे गेलात, कुणाला भेटलात. संचिता आजाराआधी महिनाभर उंबऱ्याबाहेर नाही. मी फक्त कंपनीत गेलो आणि माझी टेस्ट निगेटिव्ह. राहिला कोण?

सुदेश खाली मान घालून बसला होता. म्हणाला, "कल्याणला एका चाळीत मीटरचं काम होतं. त्या घरात पेशंट होता, नंतर कळलं."

"मास्क?"

"होता, अण्णा."

"हात धुतलेस?"

"धुतले असतील. आता आठवत नाही."

"आठवत नाही म्हणजे नाही धुतले. तुझी आई आपोआप नाही गेली, सुदेश. तू आणलंस घरात."

संचिता उठून आत गेली. सुदेश म्हणाला, "हो अण्णा, मीच आणलं असणार." एवढा मोठा माझा पोरगा, अंगठ्याने टेबलाची कड खरवडत होता. वाईट वाटलं. पण नाव निघालं. कादू टेबलाखाली माझ्या पायाशी बसली होती, ते मला नंतर दिसलं.

शुक्रवार, ९ एप्रिल

कादूने अंथरूण ओलं केलं. अडीच वर्षांची असल्यापासून कधी केलं नव्हतं.

रविवार, १६ मे

पोरगी फार शहाणी झालीय. आरडाओरडा नाही, हट्ट नाही, खाली खेळायला जायचं नावसुद्धा नाही. सांगितलं की बसते, सांगितलं की उठते. शेजारच्या शेवंतीबाई गॅलरीतून म्हणाल्या, "किती समजूतदार आहे हो तुमची नात!" मलाही बरं वाटलं. संचिताला मात्र ते बघवत नाही. म्हणते, "अण्णा, ती बोलत नाहीये. तुम्हाला दिसत नाही का?" हो-नाही बोलते की. दुःखात घर बोलतं का कधी?

शिट्टी कुठे हरवलीय कोण जाणे. मी विचारलं, तर खांदे उडवून आत गेली. डबीचं काम मात्र सोडलेलं नाही. रोज सकाळी न चुकता आईकडे, मग बापाकडे. सुदेश आता तिला जवळ घेत नाही, कामावरून आला की आंघोळ करून हॉलच्या कोपऱ्यात वेगळं ताट घेऊन बसतो. ती हात लांब करून डबी त्याच्या नाकाशी धरते. "वास येतोय?" एवढे दोनच शब्द. तो हो म्हणाला की वळते. माझ्याकडे येत नाही. मी एकदा स्वतःहून म्हटलं, "ये, आजोबांचं पण बघ." तर डबी मुठीत गच्च धरून पळाली. माझं काय चुकलं कळत नाही.

मंगळवार, १५ जून

दुसरीचा वर्ग सुरू झाला, मोबाइलवरच. भावनाबाईंनी सगळ्या पोरांना सुट्टीत काय केलं ते विचारलं. एकेक पोर टणाटण बोलत होतं. कादूची पाळी आली तशी तिने कॅमेरा बंद केला. बाई "कादंबरी, बाळा, ऐकू येतंय का?" करत राहिल्या. मी शेजारीच होतो. चढ्या आवाजात म्हटलं, "उत्तर दे." तिने फोन उलटा ठेवला आणि हाताची नखं कुरतडायला लागली. कुरतडायला नखं उरलेलीच नाहीत, नुसती कातडी.

गेल्या वर्षी हीच पोरगी बाईंच्या नकला करून शालूला हसवायची.

रविवार, २२ ऑगस्ट

आज राखीपौर्णिमा, आणि घरात तमाशा. संचिताने नारळीभात केला. घास घेतला आणि ताट सारलं. म्हटलं, "सूनबाई, महिनोन्‌महिने मी गप्प गिळतोय, पण तुझ्या हाताला चव नाही. शालू गेली तशी या घरातली चव गेली." ती ताडकन म्हणाली, "वेलची, लवंगा, केशर सगळं घातलंय. बाकी सगळ्यांना लागतंय." मग रडायलाच लागली. सुदेश कोपऱ्यातून म्हणाला, "जाऊ दे, अण्णांचं दुःख आहे ते." मी म्हटलं, "तू तर बोलूच नकोस."

कादू माझ्या ताटाकडे बघत होती. तिचा घास हातातच राहिला. मग तिने तोंडातला घासही ताटात काढून ठेवला आणि उठून गेली. आता जेवायलाही कुरकुर. हाडं दिसायला लागलीत पोरीची.

सोमवार, १५ नोव्हेंबर

संचिता तिला कल्याणला मुलांच्या मानसोपचारवाल्या बाईंकडे नेतेय, मीही गेलो. माझा या गोष्टींवर विश्वास नाही, पण बाई साध्या निघाल्या. कादूला चित्र काढायला दिलं. तिने घर काढलं, घराला दार काढलं नाही.

बाईंनी नंतर आम्हाला बसवलं. म्हणाल्या, बऱ्याच मुलांचं सध्या असं झालंय, वर्षभर कोंडलेली, आजार बघितलेली, कुणी चिकटतात, कुणी मारतात, कुणी गप्प होतात. "पण हिचं गप्प बसणं मला वेगळं वाटतंय. ही काहीतरी धरून बसलीय. घरात कुणी तिला काही गुपित ठेवायला सांगितलंय का?"

मला राग आला. म्हटलं, "आमच्या घरात गुपितं नसतात, बाई. जे झालं ते मी सगळ्यांसमोर टेबलावर मांडलंय."

बाईंनी माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "म्हणजे काय मांडलंत?" मी सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, "आजोबा, सहा वर्षांच्या मुलीसमोर?"



बुधवार, ९ फेब्रुवारी २०२२

शाळा उघडली. कादूने पहिल्यांदा खरी शाळा बघितली, तीही दुसरीत. गणवेश गेल्या वर्षी घेतलेला, पण अंगात ढगळच. गेटपर्यंत मी गेलो. बाकीची पोरं रडत होती, आयांना चिकटत होती. ही सरळ आत गेली, मागे वळूनही बघितलं नाही. वाटलं, चला, सुटलो एकदाचे.

शुक्रवार, ११ फेब्रुवारी

शाळेतून फोन. मी आणि संचिता धावत गेलो.

कादूने कंपासपेटीतून हिंगाची डबी नेलेली. मधल्या सुट्टीत बाकाबाकावर जाऊन प्रत्येकाच्या नाकाशी धरली. पोरांना गंमत वाटली. मितेश म्हणून एक पोरगा आहे, त्याला सर्दी होती. तो म्हणाला, "नाही येत वास." हिने त्याची कॉलर धरली, फरपटत दारापर्यंत नेलं, बाहेर ढकललं आणि दाराला पाठ लावून उभी राहिली. त्याचा ओठ चौकटीवर फुटला. भावनाबाई सांगत होत्या, "आजोबा, ती किंचाळत होती. 'याला न्या! याला आत्ता न्या! नंतर नाही!' दहा मिनिटं कुणाला आवरेना." वर्षभरात पोरीचा एवढा आवाज कुणी ऐकला नसेल.

मितेशची आई समोर बसलेली. मी तिची हात जोडून माफी मागितली. मुख्याध्यापिका म्हणाल्या, डॉक्टरांचं पत्र आणा, तोवर पाठवू नका. आणि तसंच होत राहिलं तर मग दुसरीकडे, अशा मुलांच्या शाळेत बघावं लागेल. अशा मुलांच्या! माझी कादू!

ती कोपऱ्यातल्या बाकावर बसली होती. संचिताने जवळ घ्यायला हात केले, तर म्हणाली, "मला हात नका लावू." आई आहे ती तिची. संचिता तिथेच भिंतीला धरून रडली. मला आयुष्यात एवढं घाबरायला झालेलं नाही, प्लांटमधली टाकी पेटली होती तेव्हासुद्धा नाही.

शनिवार, १२ फेब्रुवारी

दिवसभर विचार केला. पोरगी बापासाठी झुरतेय. मी सुदेशचं नाव घेतलं, तेव्हापासून बाप तिच्यापासून लांब झाला. म्हणजे ते नाव पुसायला पाहिजे. पण मृत्यू आपोआप झाला असं तिला सांगून चालणार नाही, माझ्याच हाताखाली शिकलीय. दुसरं नाव द्यायला पाहिजे. माझं देतो. खोटं तर खोटं. म्हाताऱ्याच्या नावाला आता काय सोनं लागलंय? सांगतो, मी एकदा मास्कशिवाय भाजीला गेलेलो. पोर सुटेल.

शालू असती तर म्हणाली असती, अहो, एवढी अक्कल आधी कुठे गेली होती?

रविवार, १३ फेब्रुवारी

दुपारी सुदेश-संचिता पडले होते. कादूला गॅलरीत घेऊन बसलो. मनात दहादा घोकलेलं.

"कादू, माझी चौकशी चुकली गं. पप्पांनी नाही आणलं ते घरात. मी आणलं."

वाटलं, कधी, कसं, विचारेल. भाजीची गोष्ट तयार होती. ती कठड्याच्या गजावर बोट फिरवत होती. म्हणाली, "मला माहितेय."

"काय माहितेय?"

"तुम्हाला दुधाचा वास नाही आला."

मला आधी कळेचना, कुठलं दूध. ती खाली बघत बोलत होती, हळूहळू, पण थांबली नाही. "आजी म्हणाली, खिडकी लावा, तेव्हा पण नाही आला. नारळीभाताचा पण नाही येत. वास नाही आला तर कोरोना. तुम्हीच शिकवलेलं."

माईक, काळुरामचा बसलेला घसा, माझं मोडून आलेलं अंग, शालूचं हळद-दूध. सगळं एकदम डोक्यात आलं. माझी टेस्ट झाली तेव्हा माझं सगळं होऊन गेलेलं. मी चौकशी करायला बसलो आणि स्वतःला एक प्रश्न विचारला नाही.

"मग शिट्टी का नाही वाजवलीस, बाळा?"

"तुम्ही म्हणालात, साहेबाचं गुपित." मग हळूच, "आणि वाजवली असती तर तुम्हाला गाडीत घालून नेलं असतं."

मी कठड्याचा गज धरला.

"मग आजीला नेलं," ती म्हणाली. "आणि तुम्ही पप्पांना ओरडलात. मी तेव्हा पण नाही सांगितलं. मी ऑफिसर होते ना. मी नाही वाजवली म्हणून आजी गेली. आपोआप नाही गेली."

मी तिला म्हटलं, नाही गं, तसं नसतं, तू लहान आहेस, तुझं काही नाही त्यात. काय काय बोललो ते आठवत नाही. तिने ऐकून घेतलं. पटलेलं दिसलं नाही. का पटावं? तीस वर्षं मोठमोठ्या माणसांना मी जे पटू दिलं नाही ते एका पोरीला गॅलरीत बसून पाच मिनिटांत पटवणार होतो?

शेवटी तिने एवढंच विचारलं, "आता पप्पांना सांगणार?"

म्हटलं, हो. उद्या.

जेवायला बसलो तेव्हा सुदेश कोपऱ्यात ताट घेऊन बसला होता. त्याच्या कानशिलाचे केस पांढरे झालेत. मला आजच दिसले. दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा पाणी प्यायलो. हा माणूस वर्षभर आईला मारल्याचं ओझं घेऊन माझ्यासमोर जेवतोय, आणि मला उद्या हवा. शालू, मी भित्रा आहे गं.

सोमवार, १४ फेब्रुवारी

सकाळी सुदेश कामावर जायच्या गडबडीत. मी ठरवलं, संध्याकाळी बोलू, शांतपणे. सकाळी सकाळी माणसाला हे सांगून घराबाहेर कसं पाठवायचं? असं स्वतःला समजावत चहाची वाट बघत बसलो होतो.

कादू डबी घेऊन आली. संचिताचं झालं, सुदेशचं झालं. मग माझ्यासमोर येऊन उभी राहिली. वर्षात पहिल्यांदा. झाकण काढलं आणि डबी माझ्या नाकाशी धरली.

"वास येतोय?"

मी छाती भरून श्वास ओढला. हिंग आहे, उघडला की दुसऱ्या खोलीत कळतो. पुन्हा ओढला. काही नाही. कोमट हवा नुसती. डबीतली पूड नाकात गेली, शिंक आली, वास नाही आला. 'येतो' म्हणणं किती सोपं होतं. ती मोठे डोळे करून बघत होती.

"नाही," मी म्हटलं. "नाही येत, बाळा."

ती आत गेली. शालूचं कपाट उघडल्याचा आवाज आला. परत आली तेव्हा हातात शिट्टी होती. ती सन्मानाच्या शालीच्या घडीत ठेवलेली, आम्ही कुणी ती शाल पुन्हा उघडलीच नव्हती. माझ्यासमोर उभी राहून तिने शिट्टी तोंडात धरली आणि फुंकली. एकदा फुंकून थांबली नाही. गाल फुगवून, डोळे मिटून, रडत रडत फुंकत राहिली.

संचिता पोळीचं पीठ हाताला तसंच घेऊन धावत आली. सुदेश एका पायात मोजा घालून आला आणि सवयीने तिच्यापासून चार हातांवर थांबला. "काय झालं? कादू, काय झालं?"

कादूने शिट्टी काढली आणि माझ्याकडे बोट केलं.

मी उभा राहिलो. सांगितलं. माईकपासून दुधापर्यंत, दुधापासून त्या टेबलापर्यंत. खडीसाखरही सांगितली. "तुझं नाव मी चुकीचं घेतलं, सुदेश. ते माझं होतं."

सुदेश रागावला असता तर बरं झालं असतं. तो माझ्याकडे बघत होता, पण बहुतेक मी त्याला दिसत नव्हतो. मग त्याने कादूकडे बघितलं. "हे तुला माहीत होतं? एवढे दिवस?" तिने मान हलवली. तो खालीच बसला, जमिनीवर. "अण्णा," तो म्हणाला, "वर्ष झालं, मी हिला उचललं नाही. मला वाटायचं, माझ्या हातानं हिलाही काही होईल."

कादू त्याच्याकडे गेली. आधी डबी त्याच्या नाकाशी धरली. त्याने हो म्हटलं. मग ती त्याच्या मांडीवर बसली आणि त्याच्या शर्टात तोंड खुपसलं. संचिताही पिठाच्या हातांनी तिथेच बसली. मी एक पाऊल पुढे टाकलं. सुदेशने वर न बघता हात आडवा केला. "आत्ता नको, अण्णा."

तो तिला उचलून आत घेऊन गेला. सात वर्षांची झाली, पण वजन काही नाही. संचिता मागोमाग गेली आणि दार लोटून घेतलं.

तासभर झाला. सुदेश कामावर गेलेला नाही. आतून कादूचा आवाज येतोय, ती एकसारखी बोलतेय, मध्येच रडते, परत बोलते. एका वर्षाचं बोलणं साठलेलं आहे. काय बोलतेय ते इथे कळत नाही. हिंगाची डबी टेबलावर उघडीच राहिलीय. चहाही मघाशी झालेला असावा, मला वासावरून काही कळत नाही. मला कुणी बोलावलेलं नाही.